मथुरेच्या मनगटावरची वेळ

रत्नागिरीच्या खाडीवर तरीची होडी चालवणाऱ्या काशीरामची बायको मथुरा मुंबईहून मनगटी घड्याळ बांधून परतली, त्या दिवशी पलीकडे जाणाऱ्या बायका होडीत चढायचं विसरल्या. हातात चार हिरव्या बांगड्या होत्या त्या होत्याच. त्यांच्या जरा वर, रुपयाहून थोडं मोठं, पांढऱ्या तबकडीचं घड्याळ.

“अगो, कुणा साहेबाचं काढून आणलंस?” भाजीची पाटी खाली उतरवत सोनूबाई म्हणाली.

“साहेबाचं काढायचं तर सोन्याचं नसतं काढलं?” मथुरा म्हणाली. “माझ्या भावानं घेतलंय. बघा, पण हात पुसून बघा.”

“आणि काशीरामाला काय आणलंस?”

“त्यांना घड्याळ कशाला? होडी वेळेवर सोडावी लागंल.”

काशीराम होडीतलं पाणी उपसत होता. मान वर न करता तो म्हणाला, “बायको मनगटावर कचेरी बांधून हिंडायला लागली. आता घरात जेवण मागायचं म्हणजे अर्ज करावा लागणार.”

मथुरा सुईण होती. मूळची बुरोंडीची. आईचं बोट धरून ती लहानपणापासून बाळंतिणींच्या खोल्यांत शिरलेली, आणि आई गेल्यावर धाकट्या हरिश्चंद्राला तिनंच वाढवलेलं. लग्न होऊन रत्नागिरीला आली, पोटी मूल झालं नाही, पण खाडीच्या दोन्ही काठांची मुलं तिच्या हातांवर जन्माला येऊ लागली. तिशीच्या आसपास असताना इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आसपासच्या सुइणींना बोलावून शिकवायला घेतलं. कात्री उकळायची, नखं कापायची, बाळंतिणीची नाडी मिनिटाला किती पडते ते मोजायचं, दोन कळांमधलं अंतर लिहून ठेवायचं. बाकीच्या सुइणी तोंडाला पदर लावून हसल्या. मथुरा हसली नाही. तिनं चौथीपर्यंत शिकलेली अक्षरं पुन्हा गिरवली आणि एक वही सुरू केली.

अडचण एकच होती. इस्पितळात भिंतीवर घड्याळ होतं; खाडीपलीकडच्या घरांत कोंबडा होता. दोन कळांच्या मधे शेजारीण किती भात कांडते यावरून मथुरा अंतराचा अंदाज बांधायची. नाडी स्वतःच्या श्वासावर मोजायची. पण बाळंतीण अडली की तिचा स्वतःचाच श्वास वेगानं चालायचा, मग कसली मोजणी! असं तिनं तीन वर्षं काढलं आणि तीन वर्षं मनात घड्याळ धरून ठेवलं.

हरिश्चंद्र मुंबईला गोदीत फिटर होता. एकोणीसशे बत्तीस सालच्या वैशाखात त्याची बायको मालन बाळंत झाली. मथुरेनं जाऊन तिचं सगळं केलं. महिनाभर भावजयीला पाण्यात हात घालू दिला नाही. निघायच्या आधी हरिश्चंद्र म्हणाला, “बाय, तुला लुगडं घेऊ?”

“लुगडी हायत माझ्याकडे. घड्याळ घे.”

त्यानं टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, “चल.”

मालनही बरोबर निघाली. दुकानदार म्हातारा होता, उंच काळी टोपी घातलेला. बाई घड्याळ घ्यायला आलीय म्हटल्यावर त्यानं मखमलीच्या पेटीतून चिंचोक्याएवढी घड्याळं काढली. रेशमी नाडीत ओवलेली, कडेला खडे बसवलेली. मालनचे डोळे लकाकले. मथुरेनं एक उचलून नाकाजवळ धरलं.

“ह्यात किती वाजले ते कसं कळायचं?”

“अहो बाई, ही बघण्यासाठी नाहीत, दिसण्यासाठी आहेत,” दुकानदार म्हणाला.

“नुसतं दिसायचं तर आरशात बघीन. मला सेकंदाचा काटा पाहिजे.”

त्यानं दुसरा खण उघडला. त्यातली घड्याळं पुरुषांची होती. दहा-वीस वर्षांपूर्वी पुरुष मनगटावर घड्याळ बांधायला लाजायचे, बायकांची बांगडी म्हणायचे, आणि आता बायकांनी बांधलं की पुरुषांचं म्हणतात, असं तो हसत हसत बोलत होता. मथुरेचं लक्ष नव्हतं. तिनं एक एक घड्याळ डाव्या हाताशी धरून उजव्या हाताची बोटं मालनच्या नाडीवर ठेवली आणि दुकानातच मोजायला सुरुवात केली. एकाचा काटा बारीक, दिसेना. एकाची तबकडी काळी, शोभिवंत, पण आकडे सोनेरी. चिमणीच्या उजेडात ते दिसले नसते. शेवटी एक सापडलं. निकेलचं, साधं. पांढरी तबकडी, ठळक काळे आकडे, खाली सेकंदाचं छोटं वर्तुळ. मोठ्या काट्यांना रेडियम लावलेलं. मथुरेनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्याच्या काळोखात घड्याळ नेलं. हिरवट काटे काजव्यासारखे उमटले. पदराआडूनच ती म्हणाली, “हरी, हे!”

“पट्टा कातड्याचा आहे, दहा वर्षं टिकेल,” दुकानदार म्हणाला.

“कातडं नको. माझं काम रक्तापाण्याचं. पट्टा उकळता आला पाहिजे.”

आता म्हातारा खुर्चीतून उठला. चाळीस वर्षांत उकळायचा पट्टा त्याच्याकडे कुणी मागितला नव्हता. त्यानं कातडी पट्टा सोडवला आणि घड्याळाच्या दोन्ही बाजूंच्या तारेच्या कड्या तिला दाखवल्या. या कड्यांतून हवी ती पट्टी ओवता येईल. मग भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बघून त्यानं काटे लावले, किल्ली दिली आणि घड्याळ तिच्या तळहातावर ठेवलं. “रोज सकाळी किल्ली द्या. मधेच काट्यांना हात लावू नका. हे तुम्हाला फसवायचं नाही.”

मथुरेनं ते वाक्य देवळातून आणलेल्या अंगाऱ्यासारखं जपून आणलं.

घरी आल्यावर तिनं पट्ट्या शिवायला घेतल्या. कामासाठी मादरपाट कापडाच्या सहा, प्रत्येक बाळंतपणानंतर उकळून उन्हात टाकायच्या. पण रोजच्यासाठी जुन्या लुगड्यांचे काठ होते. हिरव्या लुगड्यावर लाल काठाची पट्टी, जांभळ्यावर पिवळी. बारशाला जायचं असलं की लग्नातल्या शालूच्या जरीकाठाची. सोनूबाई म्हणायची, “देवाला नाय एवढी वस्त्रं तुझ्या घड्याळाला.” मथुरेला ते बोलणं आवडायचं. सकाळी किल्ली देऊन ती घड्याळ कानाशी धरायची. ती टिकटिक ऐकली की आपल्याला कुणीतरी काहीतरी विचारून दिलं, आपल्या मनातलं दिलं, असं वाटून तिचा दिवस बरा जायचा.

एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात तिला खटकली. वारा इकडचा असला की कचेरीवरचा टोल खाडीपर्यंत ऐकू यायचा. टोलाचे बारा पडले तेव्हा तिच्या घड्याळात साडेअकरासुद्धा झाले नव्हते.

“टोल चुकतोय की घड्याळ?” तिनं काशीरामला विचारलं.

काशीरामनं उभ्या जन्मात घड्याळ वापरलं नव्हतं. त्याला भरती-ओहोटी कळे आणि सूर्य कळे. त्यानं वाळूत वल्हं उभं रोवलं आणि म्हणाला, “सावली आखूड होत होत वल्ह्याच्या बुडाशी गोळा झाली की बारा. तेव्हा बघ तुझं घड्याळ.” दोघं उन्हात उभी राहिली. सावली अगदी बुडाशी आली. मथुरेनं बघितलं. बाराला तीन मिनिटं कमी.

“झालं तर,” काशीराम म्हणाला. “सूर्य तुझ्या बाजूनं हाय. कचेरीवरचा शिपाई जेवायच्या घाईनं टोल देत असंल.”

एवढ्यावर तो प्रश्न मिटला. पावसाळा लागला, बोटी बंद झाल्या, सूर्य ढगाआड गेला आणि पावसाच्या आवाजात टोलही ऐकू येईना. त्या पावसाळ्यात मथुरेच्या हातून चौदा बाळंतपणं झाली. चौदाही मुलांची वेळ तिनं मिनिटासकट वहीत लिहिली. घरोघर त्याचं भारी कौतुक झालं. आजवर ‘गुरं सोडली तेव्हा’, ‘दिवेलागणीला’ अशा जन्मवेळा ऐकून पलीकडच्या गावचे आप्पाभटजी कंटाळले होते. चौदांपैकी नऊ घरांनी त्या वर्षी त्यांच्याकडून टिपण करून घेतलं. पूर्ण पत्रिका नव्हे. मुलाचं नक्षत्र कोणतं, नावाचं अक्षर कोणतं, शांत करावी लागेल का, एवढं सांगणारा एक कागद. “मथुरेनं सांगितलेली वेळ आहे,” आप्पा म्हणायचे, “आता चुकायचं कारण नाही.”

त्या नवांतली एक येसूबाईची नात. येसूबाईचा मुलगा सदू मुंबईला नोकरीला, सून गंगा पहिलटकरीण. आषाढात, भर पावसात, सकाळच्या वेळी मुलगी झाली. ती जन्मतः रडली नाही, निळी पडली. मथुरेनं तिच्या नाकातोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, फुंकर घातली; पोर रडली तेव्हा कुठे तिनं घड्याळ बघितलं आणि वेळ लिहिली. आप्पांनी गणित केलं आणि सांगितलं, की पोर मूळ नक्षत्राच्या शेवटच्या पाव तासात जन्मलीय.

मुळावर जन्मलेलं मूल बापाला वाईट. शांत होईपर्यंत बापानं त्याचं तोंड बघायचं नाही. आणि शांतीला बाप लागतो, बाप मुंबईत, बोटी बंद. सात आठवडे गंगा लेकीला घेऊन आतल्या खोलीत बसून राहिली. बारसं झालं नाही. मधे म्हैस मेली, तीही पोरीच्या पायगुणानं मेली. मथुरा बाळाला न्हाऊ घालायला जायची तेव्हा तेल लावून घेताना हसणाऱ्या लेकीकडे गंगा नुसती बघत राहायची. मथुरेला वाईट वाटायचं. पण नक्षत्राला सुईण काय करणार?

भाद्रपद लागला, पहिली बोट आली, आणि गणपतीच्या दोन दिवस आधी शहरातल्या वकिलांच्या घरून मथुरेला बोलावणं आलं. वकिलीणबाई दमयंतीबाई कॉलेजात गेलेल्या, धीराच्या. त्यांचं दुसरं बाळंतपण सकाळीच सुखरूप आटोपलं. मुलगा झाला. मथुरेनं वही काढून लिहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, “आठ वाजून एकतीस मिनिटं.”

“काहीतरीच काय,” दमयंतीबाई उशीवरून म्हणाल्या. “कळा देताना मी समोरच्या घड्याळाकडेच डोळे लावून होते. नऊ वाजून दहा.”

मथुरेनं भिंतीकडे बघितलं. “तुमचं घड्याळ पुढे हाय, बाई.”

हे ऐकून बाहेरच्या खोलीतून वकीलसाहेब दाराशी आले. त्या घड्याळाचा त्यांना अभिमान होता. “अगं, काल चार वाजता तारऑफिसातल्या वेळेवर लावलंय ते. मद्रासहून तारेनं वेळ येते. तुझं कुठलं?”

“मुंबईचं.”

“काटे कधी फिरवलेस?”

“कधीच नाय. दुकानदारानं लावलेत तसे.”

वकीलसाहेबांनी दोन्ही घड्याळं बघितली, मनाशी आकडा मोजला आणि मोठ्यानं हसायला लागले. “बरोब्बर एकोणचाळीस मिनिटं! मथुरे, तू मुंबई टाइम हातावर बांधून हिंडतेयस. मुंबईच्या म्युनिसिपालिटीनं सरकारची वेळ अजून मानलेली नाही. तिथली घड्याळं एकोणचाळीस मिनिटं मागे चालतात. सबंध हिंदुस्थान एकीकडे आणि मुंबई एकीकडे!”

ते हसत होते. मथुरेच्या डोळ्यांपुढे वहीची पानं उलटत होती. चौदा मुलं. नऊ टिपणं. शेवटचा पाव तास.

तिनं बाळाला पुसलं, गुंडाळलं, आईच्या कुशीत दिलं. तिचा चेहरा बघून वकीलसाहेबांचं हसू ओसरलं. तिनं सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, “हे बघ, काटे नीट कर आणि गप्प बस. कुणाला कळणार आहे?”

“आत्ता आपल्या मुलाचीच वेळ चुकत होती,” दमयंतीबाई म्हणाल्या. “मला कळली म्हणून तुम्हाला कळली. मथुरे, तू तुझ्या मनाला विचार. ह्यांना विचारू नकोस.”

मथुरा घरी आली तेव्हा काशीराम पेज पीत होता. तिनं सांगितलं. तो पेज प्यायचा थांबला.

“पण सूर्य बघितला होता मी.”

“बघितला होता.”

“सूर्य खोटं बोलत नाय.”

“मग सरकार खोटं बोलतंय?”

“ते मला काय विचारतंस? मी होडीवाला.” त्यानं वाटी खाली ठेवली. “मथुरा, लोक तुला घरात घेतात ते तू सांगशील ते खरं म्हणून. वेळ चुकली म्हटलंस तर उद्या म्हणतील औषधही चुकलं असंल, नाळही चुकीची कापली असंल. चिमा सुईण टपूनच हाय. गप्प बसलं तर?”

हाच विचार मथुरेनं वाटेत दहा वेळा केला होता. आपल्याला मूल नाही, जमीन नाही. आहे ते हे एवढं नाव. ते गेलं तर मनगटावरचं घड्याळ कुणासाठी बघायचं?

“सदू आला काय मुंबईहून?” तिनं विचारलं.

“काल. मीच पलीकडे सोडला.” काशीराम घुटमळला. “पोरीला खुळखुळा आणलाय. होडीत सबंध वेळ मुठीत दाबून बसला होता, वाजू नये म्हणून. मला म्हणाला, ‘काशीदा, तोंड बघायचं नाय ते कळलं, पण आवाज ऐकला तर चालतो काय?’ मी काय सांगणार?”

मथुरा उठली. “होडी काढा.”

आप्पाभटजी ओटीवर गणपतीची समई घासत होते. मथुरेनं पायरीशी उभं राहून एका दमात सगळं सांगितलं. आप्पांनी समई खाली ठेवली, आतून गंगेच्या लेकीच्या टिपणाची आपल्याकडची नक्कल आणि पंचांग आणलं. बोटं पेरांवरून फिरत राहिली.

“मथुरे,” शेवटी ते म्हणाले, “तुझं घड्याळ चुकलेलं नव्हतं.”

“थट्टा करू नका, आप्पा.”

“थट्टा नाही. पत्रिकेला सरकारची वेळ चालत नाही, आपल्या गावच्या सूर्याची लागते. सरकारची वेळ आपल्या सूर्याच्या सदतीस मिनिटं पुढे. इथे जो तो टोलावरून वेळ सांगतो, म्हणून मी प्रत्येक वेळेतून सदतीस मिनिटं वजा करतो. तुझं घड्याळ मुंबईच्या सूर्याचं. मुंबईचा सूर्य आणि आपला, दोन मिनिटांचा फरक. मी काही वजा करायचंच नव्हतं. तुझ्या घड्याळात आधीच कापलेली मिनिटं मी पुन्हा कापली.”

“म्हणजे मी बरोबर होतो,” होडी बांधून मागोमाग आलेला काशीराम म्हणाला.

“तू मला वेळ सांगितलीस. ती कुठली हे विचारणं माझं काम. चाळीस वर्षं हेच करतोय, आणि विचारलं नाही.” आप्पांनी चष्मा काढून पंच्यानं पुसला. “पोर झाली तेव्हा मूळ संपून वीसएक मिनिटं उलटून गेली होती. शांतीचं काही कारणच नाही. चल, येसूबाईकडे मी येतो.”

“तुम्ही मागाहून या,” मथुरा म्हणाली. “तुम्ही समोर असलात तर ती तोंड आवरून धरील. तिला मला बोलू दे.”

येसूबाईच्या पडवीत सदू भिंतीला टेकून बसला होता. तोंड अंगणाकडे, पाठ घराकडे. येसूबाई गणपतीसाठी नारळ सोलत होती. मथुरेला बघून म्हणाली, “ही न्हाऊ घालायची वेळ नाय. काय काढलंस?”

मथुरेनं सांगितलं. आप्पांचं गणित नंतर सांगितलं. आधी आपली चूक सांगितली, की घड्याळ कुठल्या गावची वेळ दाखवतं हे न समजता ती आपण घरोघर वाटत सुटलो, टोल वेगळा पडतोय हे ऐकूनही कुणा जाणत्याला विचारलं नाही.

येसूबाईच्या हातातला नारळ तसाच राहिला.

“म्हणजे माझी नात मुळावरची नाय?”

“नाय.”

“आणि म्हैस?”

“म्हैस म्हातारी होती, येसूबाय.”

मग येसूबाई सुटली. “सात आठवडे! सात आठवडे मी त्या पोरीला पांढऱ्या पायाची म्हटलं. सुनेला बोलले. देवाला बोलले. म्हशीच्या नावानं रडले, त्यात पण त्या पोरीला ओढलं. एक तूच राहिली होतीस बोलायची! मिरवायला पाहिजे होतं घड्याळ! जरीचे पट्टे लावायला पाहिजे होते! तुझ्या आवशीनं सुईणपण केलं ते काय घड्याळ लावून? कोंबडा आरवला म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं?”

“बोला,” मथुरा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती जागची हलली नाही.

“बोलतेच हाय! तुझ्या परवानगीची वाट नाय बघत!”

आतल्या दाराआडून गंगेचा आवाज आला. बारीक, कापरा. “मावशी, खरंच?”

एवढ्या दोन शब्दांनी येसूबाईच्या तोंडाचा पट्टा तुटल्यासारखा थांबला. तेवढ्यात आप्पा अंगणात पोचले. त्यांनी नवा कागद वाचून दाखवला, पूर्वाषाढा नक्षत्र सांगितलं, नावाचं अक्षर सांगितलं आणि शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हिशेब माझा चुकला. ही बाई सांगायला आली नसती तर जन्मभर चुकलेलाच राहिला असता.”

सदू उभा राहिला होता, पण अजून अंगणाकडेच तोंड करून. गंगा मुलीला घेऊन उंबऱ्याच्या आत थांबली, सासूच्या शब्दाची वाट बघत. येसूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि मुलावर ओरडली, “बघतंस काय मेल्या तिकडे, काजूच्या झाडाला काय तोंड हाय? तुझी लेक हिकडे हाय!”

सदू वळला. लेकीकडे बघत राहिला. खुळखुळा हातातच होता. तो वाजवायचा हेही त्याला सुचलं नाही. पोरीनंच हात फेकला तो त्याला लागला आणि आवाज झाला, तेव्हा गंगा पहिल्यांदा हसली.

मथुरा हळूच निघाली होती. येसूबाईनं तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, पाटावर बसवलं आणि पुढ्यात घावणे आणि नारळाचा रस ठेवला.

“खा. भांडून माझ्या पोटात खड्डा पडलाय. मी एकटी कशी खाऊ?” थोडं खाऊन झाल्यावर ती मथुरेचा हात ओढून घड्याळ निरखू लागली. “एवढंसं हे. आणि माझ्या घरात केवढं रामायण.” मग आवाज खाली आला. “पोर निळी पडली होती तेव्हा तू घड्याळ नाय बघितलंस. आधी तिला रडवलंस. ते मी बघितलंय. ते पण सांगीन लोकांना.”

मथुरेनं घास खाली ठेवला. तिनं येसूबाईच्या पायांना हात लावला, तर येसूबाईनं पाय मागे घेतले. “जेवताना वाकू नको, रस सांडंल. अजून किती घरं?”

“आठ.”

“आजच जाणार?”

“गणपती यायच्या आधी झालं पाहिजे.”

त्या आठ घरांपैकी एकानं मथुरेला पुन्हा कधी दारात उभं केलं नाही. दोन घरांत मुलांची नावाची अक्षरं बदलली आणि ठेवलेल्या नावांशेजारी दुसरी नावं आली. ती मुलं पुढे दोन्ही नावांना ओ देत मोठी झाली. बाकीच्यांनी ऐकून घेतलं, आणि त्यानंतर पलीकडच्या काठाला मूल झालं की आप्पा आधी विचारायचे, “वेळ कुठली? मथुरेच्या घड्याळातली? मग मुंबईची की सरकारची?” मथुरेनं काटे सरकारी वेळेला लावून घेतले होते, तरी ते विचारायचे आणि ती दरवेळी सांगायची. त्यात दोघांनाही कधी कमीपणा वाटला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मथुरा हात धुऊन निघाली तेव्हा येसूबाईनं नारळ तसेच टाकले, डोक्यावर पदर घेतला आणि पायवाटेला तिच्या पुढे चालायला लागली.

“तुम्ही कुठे, येसूबाय?”

“राहीचं घर पहिलं लागतं. तिचं तोंड माझ्यापेक्षा वाईट.”

राही दारातच होती, मांडीवर अडीच महिन्यांचा मुलगा. मथुरेनं तोंड उघडायच्या आतच येसूबाई म्हणाली, “राही, भांडायचं हाय तुला, ते बसून भांड. आधी हिला पाणी दे. लांबून चालत आलीय.”